धडोबा

"साहेब, तुमचं वजन किती भरते?"

हरिओमने हे विचारलं तेव्हा भागवत त्याच्या किराणा दुकानात जिऱ्यासाठी उभा होता आणि त्याची नजर सवयीने काउंटरवरच्या काट्यावर गेलेली होती. वजनमापे खात्यातून निवृत्त होऊन त्याला बरीच वर्षं झाली होती, तरी खामगावच्या बाजारात तो दिसला की काही दुकानदारांचा हात अजून आपोआप पारड्यापासून दूर होई. त्याला ते आवडत असे. आत्ताचा प्रश्न त्याला आधी टोमणा वाटला. आयुष्यभर आमचं तोललंत, आता तुमचं सांगा. त्याने हरिओमकडे नीट पाहिलं. त्या चेहऱ्यावर टोमणा मारण्याइतकी अक्कल नव्हती.

"कशासाठी?"

"गुळासाठी जी. ताईनं सांगून ठेवला ना. म्हने साहेबाच्या वजनाभर पायजे, पिवळा पायजे, काळा नको. आता वजनच ठाव नसल्यावर भेल्या किती मागवाव्या? म्हनलं साहेबालेच इचारू." मग काहीतरी चुकल्याचं त्याच्या ध्यानात आलं. "ताईनं सांगतलं नाही का तुमाले?"

"सांगितलंय," भागवत म्हणाला. "जिरं तोला."

घराकडे चालताना त्याला गुळाचा राग आला नाही. आपण दुकानात खोटं बोललो, तेही हरिओमसारख्या माणसापुढे, याचा आला. वजनाभर गूळ म्हणजे काय हे त्याला कुणी सांगायला नको होतं. गूळतुला. एका पारड्यात माणूस, एका पारड्यात गूळ, मधे काटा आणि भोवती टाळ्या पिटणारं गाव. पुढाऱ्यांची लाडूतुला त्याने पाहिली होती, आणि पाहताना पुढाऱ्याच्या पोटापेक्षा काट्याच्या दांडीकडेच लक्ष दिलं होतं. असल्या कार्यक्रमाला आणलेला एकही काटा सरळ नसे आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे. त्याची नास्तिकता पुस्तकातून आलेली नव्हती. ती पारड्याखालून आली होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी मोंढ्यात त्याने एक पारडं उलटं केलं तेव्हा खाली मेणाचा गोळा निघाला, आणि वर भिंतीवर तेव्हाच पेटवलेली उदबत्ती होती. दुकानदाराने आधी देवाच्या तसबिरीला हात जोडले, मग भागवतच्या पायाला हात लावला, आणि दोन्ही एकाच सफाईने केलं. त्यानंतर भागवतने देवाचा फार विचार केला नाही. विचार करावा असं त्यात काही त्याला दिसलं नाही. उरला तो एक तिटकारा, कोरडा, रोज वापरात असलेला, चष्म्यासारखा. सकाळी तो घाली आणि झोपताना काढी. त्याच्या जन्माच्या वेळी गावात सप्ताह चालू होता म्हणून त्याचं नाव भागवत ठेवलं होतं. खात्यातले लोक त्यावरून हसत, आणि तो म्हणे, नाव ठेवणाऱ्यांनी मला विचारलं नव्हतं.

त्याची बायको कोकिळा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. दोन शेंगा सोलून ती थांबे, श्वास गोळा करी, मग तिसरी घेई. तिच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी ती बदलायला सांगितलं होतं, लवकर, पावसाळ्याची वाट न पाहता. ती "पाहू" म्हणाली होती. इतके दिवस भागवतला वाटत होतं, ती घाबरली आहे.

"गूळ कायले सांगितला?" त्याने विचारलं. घरात तो वऱ्हाडीच बोले. प्रमाण भाषा त्याने नोटिसांसाठी राखून ठेवली होती.

तिने शेंगेतून नजर काढली नाही. "समजलं वाटते."

"हरिओम मले वजन इचारून राह्यला भर दुकानात."

"मंग सांगा ना. लपवासारखं हाय का त्यात काही?"

"कोकिळे."

"तुमचं छातीचं आपरेशन झालं तवा मी नवस बोलली होती तोलाईले. शुद्धीवर येऊ दे, गुळानं तोलीन म्हनलं. तुम्ही आले. आता फेडा लागते."

"तवा डॉक्टर होता तिथं. तुई तोलाई नव्हती."

"डॉक्टर बाजूच्या खाटेवरच्या मानसालेही होता," कोकिळा म्हणाली. "तो नाही आला शुद्धीवर."

असल्या उत्तरांची भागवतला कीव येई. याला तिने पुरावा म्हणावं! बाजूच्या खाटेवरच्या माणसाची बायकोही काहीतरी बोललीच असेल की. तो हे सांगणार होता, तेवढ्यात ती पुढे बोलली, आणि बोलताना तिने मूठभर दाणे सुपात टाकले.

"हे फेडल्याबिगर मी नागपूरले येत नाही. सांगून ठेवते."

"का?"

"आधीचं फेडलं नाही अन् नवं कोन्या तोंडानं मागू?"

तिच्या बाजूने हे इतकं सरळ होतं की त्यात बोट घालायला फट नव्हती. भागवत उभाच राहिला. तिला तिच्यासाठी मागायचं होतं. मागण्याआधी त्याचं फेडायचं होतं. आणि त्याने तर कधी काही मागितलंच नव्हतं. त्याच्या नावाने, तो बेशुद्ध असताना, त्याच्या वजनाचा सौदा झाला होता. हा निव्वळ गळा धरण्याचा प्रकार आहे असं त्याला वाटलं. पण गळा धरणारी बाई दोन शेंगांमागे थांबत होती, आणि तिचे ओठ निळसर दिसत होते. ती धमकी देत नव्हती. खरंच येणार नव्हती. चाळीसएक वर्षांच्या संसारात तिने जे येणार नाही म्हटलं तिथे ती गेलेली नव्हती.

तोलाई तिच्या माहेरची देवी. वरवट बकालच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका टेकडीवर तिचं ठाणं. कोकिळा दर वर्षी तिथे जाई आणि भागवत दर वर्षी तिला टेकडीखाली सोडून चहाच्या टपरीवर बसे. तो एकदाही वर गेला नव्हता. ही त्याची शिस्त होती, आणि शिस्तीचा त्याला अभिमान होता. बायकोला अडवायचं नाही, स्वतः चढायचं नाही. ती खाली आली की येताना एसटीत तिथल्या गोष्टी सांगे. देवीसमोर मोठा काटा आहे, माणसाला तोलणारा. काट्याशेजारी धडोबा आहे. देवीसाठी लढताना त्याचं मुंडकं उडालं, नुसतं धड लढत राहिलं, म्हणून धडोबा. भागवत खिडकीतून कपाशीची रानं पाही आणि हं, हं म्हणे. मुंडकं नसलेला देव भक्तांना शोभतो, असं तो एकदा म्हणाला होता. त्या दिवशी खामगाव येईपर्यंत ती बोलली नव्हती. धडोबा हा शब्द त्याने किती वेळा ऐकला असेल. शब्दाकडे त्याने कधी लक्ष दिलं नाही. असल्या शब्दांकडे लक्ष द्यायचं नसतं हेच तर तो शिकला होता.

त्यांचं पहिलं मूल मुलगा होता. बारशाला ठेवलेलं त्याचं नाव नंतर दोघांपैकी कुणी उच्चारलं नाही. तापात गेला. डॉक्टरकडे वेळेत नेला होता, औषध बरोबर होतं, चूक कुणाची नव्हती. भागवतने हे सगळं तपासून पाहिलं होतं, दुसऱ्या कुणाच्या मुलाचं तपासावं तसं. त्या दिवशी कोकिळा रडली नव्हती. चुलीसमोर पाटावर बसून ती एवढंच म्हणाली होती, "माझं तिथंच भरलं होतं." कुठे, काय भरलं होतं? त्याला वाटलं, दुःखात माणूस बरळतं. तो "असं बोलू नोको" म्हणाला आणि पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला. पुढे समीक्षा झाली, वाढली, पुण्याला गेली. ते वाक्य मात्र घरात कुठेतरी, फडताळामागे पडलेल्या चमच्यासारखं, राहून गेलं. आता ओसरीवर उभं असताना त्याला ते का आठवावं हे त्याला कळलं नाही.

समीक्षाचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. आईने तिला सांगितलं होतं.

"बाबा, बसा ना एकदा. दहा मिनिटांचा प्रश्न आहे. तुमचं काय जातं?"

"खरं जातं."

"खरं-खोटं काय असतं त्यात? तिच्यासाठी खरं आहे, तुमच्यासाठी नाही. ज्याचं त्याचं असतं."

"झडप निकामी झाली हे पण ज्याचं त्याचं का?"

"बाबा, प्लीज. तिची ती भावनिक गरज आहे. एक विधी म्हणून बघा."

पुण्याला गेल्यापासून तिची वऱ्हाडी गेली होती आणि तिच्या जागी ही मऊ, सगळ्याला बसणारी भाषा आली होती. भागवतने फोन ठेवला. कोकिळेचा त्याला राग होता, पण तिरस्कार आज पहिल्यांदा कुणाचा वाटला असेल तर तो स्वतःच्या मुलीच्या समजूतदारपणाचा. त्याचं आणि कोकिळेचं एका गोष्टीवर तरी एकमत होतं: देवी एक तर आहे, नाही तर नाही, आणि जो चुकला तो पुरता चुकला. ही पोर दोघांनाही हातावर पेढा ठेवून वाटेला लावत होती. तोलाईवर विश्वास ठेवणाऱ्या बाईला निदान तोलाई असायला हवी होती. समीक्षाला काहीच असायला नको होतं.

संध्याकाळी तो उकंडरावांकडे गेला. उकंडराव म्हणजे निवृत्त विज्ञान शिक्षक आणि विवेक मंडळाचे अध्यक्ष. मंडळात माणसं थोडी आणि ठराव भरपूर. आईची आधीची मुलं जगली नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर त्यांना उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं, यमाला वाटावं की हा टाकाऊ आहे, म्हणून हे नाव. ते स्वतःच भाषणात हा किस्सा सांगत आणि लोक हसत. भागवतला त्यात नेहमी एक गोष्ट खुपे: किस्सा सांगून झाल्यावर उकंडराव हजेरीवर सही उकंडराव अशीच करत. आईचा तोडगा त्यांनी आयुष्यभर अंगावर वागवला होता आणि वर दुसऱ्याच्या गळ्यातले ताईत कापत फिरले होते.

"बसू नको," उकंडराव म्हणाले. "आजकाल जो तो फोटो काढते. उद्या कोनी म्हनीन, मंडळाचा भागवत तराजूत बसला. मंडळाची काय इज्जत राहीन बे?"

"ती आपरेशनले येत नाही म्हणते."

"येईन. बाया म्हनत असतात. दोन दिस अबोला धर, येते का नाही पाय."

"अन् नाही आली तर?"

उकंडरावांनी यावर थोडा विचार केला. खरोखर केला, हे भागवतला दिसलं. "तर तो अंधश्रद्धेचा बळी," ते गंभीरपणे म्हणाले. "आपल्याले त्याच्यावर कार्यक्रम घेता येईन."

भागवत चहा अर्धा टाकून उठला. मागे भिंतीवर सत्काराच्या शाली घडी करून काचेत लावलेल्या होत्या. सत्कारात उकंडराव नारळ घेत नसत, नारळाऐवजी पुस्तक मागत. यालाच ते आयुष्यभराचा लढा म्हणत. याच माणसाबरोबर आपण इतकी वर्षं एका बाजूला उभे होतो, हा विचार घेऊन भागवत घरी आला. बाजू बरोबर होती. बाजूवरची माणसं पाहून त्याला उलटी यायची बाकी होती. आणि त्या माणसांत आपणही मोडतो का, हे पाहायला त्या घडीला त्याच्याकडे आरसा नव्हता, किंवा असला तरी त्याने त्यात पाहिलं नाही. त्याने कोकिळेला एवढंच सांगितलं, "जाऊ. मी वर येईन. बसायचं का नाही ते तिथं ठरवीन."

"बरं," ती म्हणाली, जणू बसण्याचं ठरलेलंच होतं.

त्यांनी गाडी केली होती. गुळाच्या भेल्या मागे पोत्यात होत्या आणि पूर्ण वाटभर तो गोड, उष्ण वास भागवतच्या डोक्यात चढत राहिला. आपल्या वजनाचा वास, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने काच खाली केली. टेकडीखाली नेहमीची टपरी आली. टपरीवाल्याने त्याला हात केला, मग तो न थांबता वर निघाला हे पाहून कप विसळायचं थांबवलं. कोकिळा दर वळणावर दगडावर बसे. भागवत उभा राही. मधे एकदा त्याने हात पुढे केला आणि तिने तो धरला. दर वर्षी या चढावर ती कुणाचा हात धरत असेल, हे त्याला उगाच सुचलं.

वर पत्र्याच्या शेडमधे सागाच्या जाड तुळईला काटा टांगला होता. भागवत देवीकडे वळलाच नाही, सरळ काट्यासमोर उभा राहिला. लोखंडी दांडी जुनी, चांगल्या लोहाराची, मधला काटा अजून शाबूत. एका बाजूला माणसासाठी सागवानी फळी, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या मारलेली. दुसऱ्या बाजूला गुळासाठी साधी फळी, मूळचीच असावी. शेजारी दगडी कोनाडा, त्यात शेंदराने माखलेला गोळा, वर झेंडूची माळ. रांग लागली होती. पुजाऱ्याचं नाव कारभारी; गळ्यात उपरणं, कानाला फोन. फोन खाली करून त्याने रांगेला ठरलेलं पुन्हा सांगितलं.

"घरून तोलून आले ना? हां. घरी भरलं ते अंगाचं. इथं वर जे भरीन ते पापाचं. तोलाई ते ठेवून घेते. कमी-जास्त झालं त मनाले लावून घ्याचं नाही. ज्याचं जसं करम."

पुढच्या बाईने तान्हं मूल कपड्यात गुंडाळून फळीवर ठेवलं. दुसऱ्या बाजूला साखर पडू लागली. मुलाच्या वजनाच्या मानाने साखर फारच गेली. बाईचा चेहरा उतरला. कारभारी म्हणाला, "मागल्या जल्माचं असते एखाद्याचं," आणि साखर ओढून घेतली. त्यामागून एक लठ्ठ कंत्राटदार बसला. त्याचंही तेवढंच वर भरलं, आणि इतक्या देहात ते दिसलंही नाही, म्हणून त्याला पुण्यवान ठरवून लोकांनी जयजयकार केला. भागवतच्या तोंडावर हसू आलं, नोकरीतलं जुनं हसू. घरोघरचे काटे पासंगी, एका अंगाला झुकणारे, म्हणून फरक थोडा मागेपुढे दिसत होता एवढंच. खाली मुद्दल एकच होतं. तान्ह्या पोराचं आणि कंत्राटदाराचं पाप एका वजनाचं. हे रांगेतल्या एकालाही दिसू नये! त्याने कोकिळेला हे सांगायला मान वळवली. तिला हसताना पाहायचं होतं त्याला. ती त्या बाईकडे, मूल छातीशी धरून खाली मान घालून चाललेल्या बाईकडे, पाहत होती.

"तुलेही तोललं होतं का इथं?" त्याने विचारलं.

"लग्नाच्या आंधी. बाबानं घरच्या काट्यावर तोलून आन्लं होतं." ती थांबली. श्वासासाठी की कशासाठी, कळलं नाही. "दीड शेर वर भरलं. या कारभारीचा बाप होता तवा. तो म्हने, पोरीच्या मानानं लय हाय. जपून राहा म्हने, हे कुठी ना कुठी निंघते."

पत्र्याखाली ऊन साचलेलं होतं. भागवतच्या कानात ते जुनं वाक्य आलं, चुलीसमोरचं, आणि आता त्याला त्यातला शब्द न् शब्द कळला. माझं तिथंच भरलं होतं. इतकी वर्षं ती बाई दीड शेर घेऊन त्याच्या घरात वावरली होती. त्याने तांब्या पुढे केला होता.

त्यांचा नंबर आला. कारभारी म्हणाला, "या साहेब, बसा. जोडे काढा."

"आधी धडा पाहू द्या."

"कायचा धडा?"

"मोकळा काटा सरळ राहतो का ते. काही ठेवू नका. धडा न पाहता तोलत नसतात."

"देवीचा काटा हाय जी हा. त्याले काय तपासता? तुमची किराण्याची दुकान हाय का?"

"म्हणूनच," भागवत म्हणाला. रांगेत कुणीतरी म्हणालं, "बसाचं नाही ना बुढ्याले, बहाने करून राह्यला." कुणीतरी हसलं. त्याने दोन्ही फळ्या हाताने थांबवल्या आणि सोडल्या. माणसाची फळी संथपणे खाली गेली. त्याने साखळ्या काढून फळ्यांची अदलाबदल केली. कारभारी ओरडत होता, पण भागवतच्या हाताला आता वय नव्हतं. पुन्हा तीच सागवानी फळी खाली गेली. म्हणजे दांडी खरी होती. दोष नुसता फळीचा. फळी कधीतरी बदलून जड बसवली असणार, आणि ज्याने बसवली त्याला हे समजलं असणार, कारण ज्याने अशी दांडी राखली तो माणूस गाढव नव्हता. मग त्याने धडा बांधला असणार. हलक्या पारड्यात काहीतरी टाकून काटा सरळ केला असणार, जसं सगळे करतात. मग धडा गेला कुठे? त्याने हाताच्या अंतरावर पाहिलं. दुकानदार धडा नेहमी हाताच्या अंतरावर ठेवतो. हाताच्या अंतरावर कोनाडा होता.

धडोबा.

तो शब्द त्याच्या डोक्यात एकदा वाजला आणि मग दर वर्षीच्या एसटीच्या प्रवासांतून, कपाशीच्या रानांवरून, त्याच्या हं, हं वरून मागे मागे वाजत गेला. मुंडकं उडालं म्हणून धडोबा. त्याने माळ बाजूला केली आणि दोन्ही हातांनी दगड उचलला. कुणीतरी बाई किंचाळली. दगड नदीतला होता, गोल, पण वरच्या अंगाला छिन्नीचे तीन-चार घाव होते, बारीक, एकाशेजारी एक. मुंडकं उडवताना कुणी असे बेताचे घाव घालत नाही. हे घाव कपची कपची काढून, पारड्यात ठेवून, पुन्हा काढून घातलेले होते. त्या कुण्या माणसाबद्दल भागवतला क्षणभर असं काही वाटलं, जे त्याला खात्यातल्या एकाही साहेबाबद्दल वाटलं नव्हतं. त्याने दगड गुळाच्या फळीवर ठेवला. दांडी हलली, डोलली, आणि उभी राहिली. मधला काटा सरळ.

म्हणजे धड्याचा धडोबा झाला, आणि गुळाखाली देव ठेवणं कुण्या भाविकाला बरं वाटलं नाही. त्याने तो उचलून कोनाड्यात बसवला, आणि तेव्हापासून या टेकडीवर पाप भरू लागलं.

"कोनाले इचारून हात लावला?" कारभारी पुढे आला, उपरणं कमरेला बांधत. पण शेडमधे शांतता पडली होती आणि सगळे दांडीकडे पाहत होते. भागवतने हे अनेकदा पाहिलं होतं; काटा सरळ होतो तेव्हा न समजणारी माणसंही गप्प होतात. कारभारीनेही ती शांतता ऐकली. त्याचा धंदाच तो होता. त्याने एक पाऊल मागे घेतलं आणि हात वर केले. "धडोबा पारड्यात बसला! तोलाईनं साहेबाच्या हातून बसवून घेतला! बोला..." आणि लोक बोलले. मघाची किंचाळलेली बाई सगळ्यांत मोठ्याने बोलली.

"अरे, धडा आहे तो," भागवत ओरडला. "धडा! दुकानात असतो तसा. फळी जड आहे तुमची. पाप नाही काही नाही, दगड आहे दगड!" त्याचा आवाज जयजयकारात भिजून खाली पडला. एक म्हातारा त्याच्याकडे कौतुकाने पाहून मान हलवत होता. अंगात आलेल्या माणसाकडे पाहतात तसा. इतका निर्मळ तिटकारा भागवतला आयुष्यात कधी वाटला नव्हता. पुरावा डोळ्यांसमोर टांगलेला होता, आणि ही माणसं पुराव्यालाच हार घालायला निघाली होती.

त्याने त्यांच्याकडे पाठ केली. त्याला एकाच माणसाला सांगायचं होतं. कोकिळा खांबाला टेकून उभी होती.

"हे पाय," तो म्हणाला. "हे तुझं दीड शेर. तुझं नव्हतं ते कधीच. फळीचं होतं. समजलं का? कोन्या पोराचं काही झालं ते याच्यानं नाही झालं."

ती बराच वेळ दांडीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आना इकडं."

त्याने दगड उचलून तिला दिला. मागे सागवानी फळी पुन्हा खाली गेली. कोकिळेने दगड तळहातावर घेतला आणि बाजारात वांगी घेताना करी तसा हात दोनदा वरखाली केला. तिच्या तळव्याला शेंदूर लागला.

"एवढुसा होता?"

तिला पटलं होतं का, की त्याने उचलला म्हणून तिचं पाप उतरलं असं तिला वाटत होतं, हे त्या आवाजावरून ठरवता येण्यासारखं नव्हतं. खोटं पारडं नुसत्या कानाने ओळखणारा तो. त्याने कान देऊन ऐकलं, आणि त्याला ठरवता आलं नाही. तिने दगड परत त्याच्या हातात दिला.

"ठेवा जाग्यावर."

"कोनत्या?" त्याने विचारलं. कारभारी कोनाड्याजवळ उभा होता, माळ हातात धरून.

कोकिळेने हनुवटीने पारडं दाखवलं. "तिथं. नाही त काटा चुकते ना."

त्याने दगड गुळाच्या फळीवर ठेवला. दांडी पुन्हा सरळ झाली.

"झाला बरोबर?"

"झाला."

"मंग आता बसा."

त्याच्याकडे हरकत घ्यायला काही उरलं नव्हतं. शेवटची हरकत त्याने स्वतःच्या हाताने दूर केली होती. त्याने जोडे काढले आणि फळीवर बसला, गुडघे दुखत असल्याने एका हाताने साखळी धरून. समोर पिवळ्या भेल्या एकेक करून चढू लागल्या. उकंडराव म्हणत होते तसे फोन वर झाले. त्याने फोनांकडे पाहिलं नाही. तो काट्याकडे पाहत होता. आयुष्यभर त्याने काटा उभ्याने पाहिला होता. पारड्यातून तो वेगळाच दिसत होता, उंच, आणि थोडा आपल्यावर झुकल्यासारखा. मग फळी सुटली, आणि त्याचे पाय जमिनीपासून वर झाले.

तेवढ्यात मघाची ती बाई वाकली. तान्ह्या मुलाची आई नव्हे, ती किंचाळणारी. तिने हळदकुंकवाची वाटी आणली होती. तिने आधी दगडाला बोट लावलं, मग त्याच्या लोंबत्या पायाच्या अंगठ्याला. भागवतने पाय ओढायला स्नायू आवळले आणि दांडी थरथरली. काटा डावीकडे गेला, उजवीकडे गेला.

"हलू नका," कोकिळा म्हणाली.

तिच्या मागून तान्ह्या मुलाची आई पुढे येत होती. मुलाचा चिमुकला हात धरून तिने तो दगडावर टेकवला, आणि मग तोच हात घेऊन ती त्याच्या पायांकडे वळली. बोटं गरम होती, साखरेने चिकट झालेली. भागवत काट्यावर नजर ठेवून, श्वास धरून, स्थिर बसून राहिला.